डाव्या पावडीचा बंद

उभी राहिली की दानव्वाच्या कमरेतून कळ निघे, कुल्ल्यांतून उतरत मांड्यांच्या मागून पोटऱ्यांपर्यंत जाई, आणि वीस-पंचवीस पावलांत पाय शिशाचे होत. गुळेदगुड्डच्या त्या विणकर गल्लीत कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायला तिला तीन ठिकाणी टेकावे लागे. तिन्ही ठिकाणच्या बायका आता तिची वाट पाहत आणि उशीर झाला की विचारत, आज आमच्या कट्ट्याचा मान का चुकवलास म्हणून. ती हसे, पुढे वाकून गुडघ्यांवर कोपरे टेकी, आणि कळ ओसरली की पुन्हा निघे.

मागावर मात्र तिला काही होत नसे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून, अंग किंचित पुढे झुकवून ती बसली, दोन्ही पावले खालच्या लाकडी पावड्यांवर आळीपाळीने पडू लागली, की पाच मिनिटांत चेहऱ्यावरचा ताण उतरे. शेजारच्याच मागावर तिचा नवरा कळकप्पा बसे. चाळीस वर्षे ते दोघे एका खोलीत असे शेजारी शेजारी खण विणत आले होते. विणताना तो तिच्याकडे पाहत नसे, पाहण्याची गरजही नसे. डावी पावडी, धोटा, फणीचा ठोका, उजवी पावडी, धोटा, फणीचा ठोका. त्या आवाजावरून ती रागावली आहे की भुकेली आहे, की लेकीचा फोन येऊन गेला आहे, हे त्याला कळे. कमरेचे दुखणे या आवाजात कधी उमटले नाही. म्हणून कळकप्पाच्या मनात एक समजूत हळूहळू घट्ट झाली: मागच तिला सांभाळतो आहे.

बागलकोटच्या हाडांच्या डॉक्टरांनी ती समजूत मोडायचा प्रयत्न केला होता. डॉक्टर अरकेरी तरुण होते, पण बोलताना घाई करत नसत. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा कणा हातात घेतला आणि खालून दुसरा मणका बोटाने पुढे ढकलून दाखवला. वयाने मधली गादी झिजली आहे, मागचे सांधे सैल झाले आहेत, त्यामुळे हा चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरला आहे. पन्नाशीनंतर बायकांत हे पुष्कळ दिसते. ज्या नळीतून पायांच्या नसा खाली जातात ती नळी इथे आवळली गेली आहे. वाकले की नळी थोडी उघडते, म्हणून बसल्यावर बरे वाटते.

"पण अव्वा, बरं वाटतं म्हणून बसणं हे औषध नव्हे," ते म्हणाले. "तेवढा वेळ दुखणं लपतं, इतकंच."

बसल्यावर बरे वाटते, एवढे कळकप्पाने ऐकले आणि त्यावर मान डोलावली. पुढचे चालले होते तेव्हा तो प्लॅस्टिकच्या कण्याकडे पाहत होता.

उपाय डॉक्टरांनी पायरीपायरीने सांगितले. पहिली पायरी व्यायामाची: पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करायचे, कमरेला पट्टा बांधायचा, पाण्याच्या घागरी उचलायच्या नाहीत, वजन थोडे उतरवायचे. पुष्कळांचे एवढ्यावर भागते. नाही भागले तर आवळलेल्या नसांजवळ इंजेक्शन; त्याने सूज उतरते, काही आठवडे किंवा काही महिने निघतात, मणका मात्र जागेवर येत नाही. आणि त्यानेही नाही झाले तर शस्त्रक्रिया: नसांवर दाबणारे हाड काढून त्यांना वाट करून द्यायची, आणि दानव्वाचा मणका वाकताना फार हलतो म्हणून तो खालच्याला स्क्रू आणि सळीने जोडून टाकायचा. त्यानंतर तीन महिने खड्ड्यात उतरायचे नाही. सरकारी कार्डावर सगळे होईल, त्याची काळजी नको. घाईही नाही. आधी पहिली पायरी चढून पाहू.

दानव्वा ती मनापासून चढली. रोज सकाळी चटईवर उताणी पडून ती गुडघे छातीशी घेई आणि दहा आकडे मोजी. आकडे कळकप्पाने मोजायचे ठरले होते, कारण ती घाईने मोजते असे त्याचे म्हणणे होते.

"एकोणसाठाव्या वर्षी तुम्ही मला पाळण्यातलं पोर केलंत," ती म्हणे.

"पोर बरं. ते नुसतं रडतं, शिव्या देत नाही. सात."

"सात मघाशीच झाले."

"मग पुन्हा होतील."

दोन महिने झाले तरी गिरणीपर्यंतचे तीन थांबे तीनच राहिले. मग इंजेक्शन झाले. त्याचा गुण इतका आला की दानव्वाला स्वतःचाच हेवा वाटू लागला. बनशंकरीच्या जत्रेत ती बसमधून उतरून देवळापर्यंत आणि तिथून तळ्याला वळसा घालून बांगड्यांच्या दुकानांपर्यंत एकदाही न टेकता चालली. गिरणीच्या वाटेवरच्या बायकांनी मान चुकवल्याबद्दल तक्रार केली. आणि त्याच आनंदाच्या भरात दोघांनी तिच्या मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला: शंभर खणांचा, आने हेज्जे नक्षीचा, म्हणजे ओळीने उमटत जाणाऱ्या हत्तीच्या पावलांचा. लग्नसराईची मागणी होती. गल्लीत सकाळच्या थंडाव्यात ताणा पसरून त्याला खळ दिली, तेव्हा दानव्वा स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंचा घेऊन फिरली.

ताणा निम्म्यावर आला नव्हता तोच कळ परतली, आणि पूर्वीपेक्षा तिखट होऊन परतली. डॉक्टरांनी नवी चित्रे काढली आणि पुढच्या आठवड्याची तारीख देऊ केली.

"ताणा अर्धा राहिलाय, साहेब," दानव्वा म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला विणायला द्या."

दोघेही नवरा-बायको हसले. इतके सहज, की डॉक्टरांनाही हसू आले. मग कळकप्पाने समजावून सांगितले. प्रत्येकाच्या फणीचा ठोका निराळा असतो. अर्ध्यात हात बदलला की त्या जागी कापडात पट्टा उमटतो. सावलीसारखा, पण उमटतो. गुळेदगुड्डमध्ये चढलेला ताणा हात बदलत नाही. बाई बाळंत झाली तर माग थांबतो, मेली तर ताणा कापतात. तिसरा मार्ग नाही.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. पायांत ताकद होती, बाकी सगळे ठीक होते. त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली आणि पेन खाली ठेवून तीन खुणा सांगितल्या. चालताना एका पायातली चप्पल निसटायला लागली. बसायच्या जागी बधिरपणा आला. लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली. यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी यायचे, दुसऱ्या दिवशी नाही. त्यांनी कळकप्पाकडून तिन्ही खुणा वदवून घेतल्या. त्याने त्या न अडखळता म्हणून दाखवल्या.

घरात चप्पल कोणी घालत नसे. माग ही लक्ष्मी; त्या खोलीत चपलेने पाऊल टाकायचे नाही, आणि दानव्वाचे जग आता त्या खोलीपुरते, चुलीपुरते आणि परसातल्या मोरीपुरते उरले होते. गिरणीत दळण घेऊन आता कळकप्पाच जाई. तिची चप्पल उंबऱ्याबाहेर होती तशी पडून राहिली आणि एकदाही निसटली नाही.

निसटला तो पाय, पावडीवरून.

प्रथम ते कळकप्पाच्या कानांना जाणवले. डाव्या पावडीचा आवाज फाटल्यासारखा येऊ लागला: एक बारीक घसरण, मग दाब. दोन दिवस त्याने ते ऐकले. तिसऱ्या दिवशी दानव्वाच म्हणाली, "पावडी गुळगुळीत झालीये. पाय ठरत नाही."

तो तिच्या खड्ड्यात वाकला. चाळीस वर्षांच्या तळव्याने लाकडात खळगा पडला होता, आणि तो खरोखरच आरशासारखा चकचकीत होता. उन्हाळ्यात तळव्यांना घाम येतो तेव्हा गल्लीतले सगळेच पावडीवर चिंधीचा बंद बांधतात, त्यात पाऊल अडकवून विणतात. कळकप्पाने तिच्या जुन्या इरकलीचा काठ फाडला, दुहेरी घडी करून मऊ केला, पावडीभोवती गुंडाळून गाठ मारली आणि तिचे पाऊल हाताने धरून त्यात सरकवले. पाऊल थंड लागले. खड्ड्यात थंडावा असतोच.

"दाब बघू."

तिने मांडीच्या जोराने दाबले. पावडी पुरती खाली गेली, धागे स्वच्छ उघडले.

"छान आहे की. चाळीस वर्षांत हे सुचलं नाही तुम्हाला."

"चाळीस वर्षांत तू तक्रार कुठे केलीस? बाकी सगळ्याच्या केल्यास, पावडीची राहिली."

ती हसली आणि धोटा फेकला. त्या दिवशी तिच्या मागाचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा सरळ लागला, आणि कळकप्पा दिवसभर खूश होता.

त्यानंतर एका सकाळी तिच्या बसायच्या फळीवर ओल दिसली. सुताच्या कांड्या भिजवायचे भांडे कलंडले, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भांडे कोपऱ्यात कोरडे होते आणि फळी पुन्हा ओली होती. दानव्वा फळीकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे.

"मला कळलंच नाही हो," ती म्हणाली.

तासाभरात ते गाडी करून बागलकोटला निघाले होते. दुपारी तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेले. नेण्याआधी ढकलगाडीवर पडलेल्या दानव्वाचा डावा तळवा डॉक्टरांनी हातात घेतला आणि वर उचलायला सांगितले. तो उचलला नाही. त्यांनी कळकप्पाला विचारले, पाय केव्हापासून असा पडला आहे.

कळकप्पाच्या डोळ्यांपुढे दोन सकाळींची ओली फळी होती.

"दोन दिवस," तो म्हणाला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. मणका जोडला गेला, नसा मोकळ्या झाल्या, आणि चौथ्या दिवशी दानव्वाला चाकांच्या वॉकरच्या आधाराने उभे केले तेव्हा ती कित्येक वर्षांनंतर प्रथमच सरळ उभी राहिली आणि कळ आली नाही. परंतु डावे पाऊल जमिनीवर आपटत, फरपटत येत होते. आणि लघवी दिवसातून चार वेळा नळी घालून काढावी लागत होती. ते काम कळकप्पा नर्सकडून शिकला. त्याचे हात बारीक कामाला सरावलेले होते, नर्सने त्याचे कौतुकही केले.

"दोनच दिवस गेले होते, ही जमेची बाजू," घरी पाठवताना डॉक्टर अरकेरी म्हणाले. "इतक्या लवकर मोकळी झालेली नस बहुधा जागी होते. सावकाश होते. वर्षभर, दीड वर्ष वाट पाहायची. व्यायाम सोडायचा नाही."

दोनच दिवस. हे शब्द त्या घरात अंगाऱ्यासारखे जपले गेले. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला कळकप्पा ते सांगे. लेक फोनवर रडू लागली की तिला सांगे. सकाळी चटईवर तो दानव्वाचा तळवा आपल्या हाताने वर उचली, दहा मोजेपर्यंत धरी आणि सोडी. पाऊल खाली पडे. आज थोडे हलले असे त्याला वाटे. ती विचारी, हलले का, आणि तो म्हणे, हललेसे वाटले. तिच्या मागावर त्याने जुने धोतर अंथरून ठेवले होते. ताणा अपुराच राहिला होता, पण माणूस जिवंत होते आणि परत येणार होते, तेव्हा कापण्याचा प्रश्न नव्हता.

चौथ्या महिन्यात, सूत देऊन खण विकत घेणाऱ्या सावकारांचा गुमास्ता मुरिगेप्पा आला. भला माणूस, इतके दिवस त्याने विषय काढला नव्हता. दानव्वा आत पलंगावर पडून होती. तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, विणून झालंय तेवढं तरी काढून द्या. नक्षी आता बाजारात चालतेय. उरलेला ताणा राहू दे मागावर, अक्का बरी झाली की विणेल."

कळकप्पाने धोतर काढले, विणलेले कापड जिच्यावर गुंडाळत जाते ती लाकडी तूर सोडवली, आणि दोघांनी ते खोलीभर उलगडत नेले. मुरिगेप्पा सवयीने कापडावर तळहात फिरवत चालला होता. एका जागी त्याचा हात थांबला.

"इथे बघा. धागे तरंगलेत."

कळकप्पा वाकला. एकाआड एक बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, काही उभे धागे विणीत न शिरता वर मोकळे राहिले होते. म्हणजे एकच पावडी अर्धी दबत होती. डावी. पहिल्या खणात तीन ठिकाणी, पुढच्यात आठ, मग हत्तीची पावले ओळखू येईनात इतके. असे सात खण. आणि मग एका आडव्या रेषेपाशी हे सगळे थांबले होते.

"एवढे सात काढून टाकू," मुरिगेप्पा म्हणाला. तो पुढे सरकत गेला, शेवटापर्यंत. "याच्या पुढचं मात्र काय विणलंय, अण्णा. दोष शोधून सापडायचा नाही. अक्काचा हातच निराळा."

कळकप्पा त्या आडव्या रेषेपाशी बसून राहिला होता. इथे त्याने बंद बांधला होता. पुढचे निर्दोष खण त्याने मोजले. त्याला मोजायचे नव्हते, परंतु विणकराचे डोळे कापडावरून मोजल्यावाचून फिरत नाहीत. तेहतीस. दानव्वा दिवसाला तीन खण विणत असे.

अकरा दिवस. आणि त्याआधीचे सात खण, म्हणजे आणखी दोन दिवस वर काही. दोन आठवडे पाऊल मेलेले होते, आणि त्यातले अकरा दिवस त्याने ते इरकलीच्या काठाने बांधून ठेवले होते, इतके व्यवस्थित की कापडालासुद्धा पत्ता लागू नये. खूण आली होती. ती त्याने कानांनी ऐकली होती, हातात धरून पाहिली होती, थंड लागली होती. फक्त ती चपलेची नव्हती.

मुरिगेप्पाने विचारले, अण्णा, बरे वाटत नाही का. कळकप्पाने त्याला कापड बांधून दिले, तेवढे सात खण ठेवून घेतले, आणि तो गेल्यावर खड्ड्याच्या काठावर बसला. बंद अजून पावडीवर होता. गाठ घामाने चिवट झाली होती. ती सोडवण्यासाठी त्याने हात घातला आणि तसाच काढून घेतला.

आतून दानव्वाने हाक मारली. तिने सगळे ऐकले होते. त्या घरात एका खोलीतले दुसऱ्या खोलीत ऐकू जातेच. ते सात खण आणा म्हणाली. त्याने आणून तिच्या मांडीवर ठेवले. तिने न पाहता बोटांनी धागे चाचपले, खणामागून खण, आणि रेषेपाशी बोट थांबवले.

कळकप्पा उभाच होता. "डॉक्टरांना मी दोन दिवस म्हणालो," तो म्हणाला. "दोन नव्हते. अकरा होते. अकराच्याही वर. मी तो बंद बांधला नसता तर..."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"विणलं कुणी? पाय माझा होता." ती शांतपणे बोलत होती. "तुम्ही दोन म्हणालात तेव्हा मी तिथेच गाडीवर पडले होते, शुद्धीत होते. वाटलं, म्हणू दे. अकरा म्हटलं असतं तर ते काही बोललेच नसते. दोन म्हटल्यावर वर्षभराची वाट तरी दिली."

तो पलंगाच्या कडेवर बसला. तिने कापडाची घडी घातली, कडेला कड जुळवून.

"पुढच्या वेळी सांगू त्यांना," तो म्हणाला.

"नको. दोनच असू दे."

"त्याने पाय येणार आहे का?"

तिने घडी उशाशी ठेवली. चारचा सुमार झाला होता, नळीची वेळ. कळकप्पाने हात साबणाने दोनदा धुतले, नर्सने शिकवले होते तसे, आणि उकळून ठेवलेले भांडे आणले. ते काम दोघांनी सवयीने उरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चटई अंथरली नाही. दानव्वा बराच वेळ वाट पाहत राहिली, मग भिंतीला धरून स्वतःच खाली उतरू लागली, तेव्हा तो धावला. तिला उताणी निजवून त्याने तिचा डावा तळवा हातात घेतला आणि वर उचलला. गल्लीत इतरांचे माग सुरू झाले होते.

"मोजा," ती म्हणाली.

त्याने मोजायला सुरुवात केली. दहा झाल्यावर हात सोडला. पाऊल खाली पडले. हलले का, असे तिने आज विचारले नाही. त्याने ते पुन्हा उचलले.